पडल्यावर जागेवर राहील तेच कामाचं: इंदूरच्या नव्या दुचाकीस्वारासाठी हेल्मेटपासून बुटांपर्यंत

1 ऑगस्ट 2025 पासून इंदूरमध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' हा जिल्हा प्रशासनाचा आदेश लागू झाला, आणि काही पंपांवर एकच हेल्मेट चार जणांच्या डोक्यावर फिरताना दिसू लागलं. पेट्रोल मिळवून देणारं हेल्मेट वेगळं आणि डोकं वाचवणारं वेगळं. हा फरक दुकानातच हाताने तपासता येतो. जॅकेट, हातमोजे आणि बुटांचंही तसंच. खाली जे सांगितलं आहे त्यात एक कसोटी सगळीकडे लावा: अंग रस्त्यावर आपटून घसरत असताना ही वस्तू आपल्या जागेवर राहील का? सरकणार असेल, निघणार असेल, फिरणार असेल, तर ती कितीही महाग असली तरी घेऊ नका.

आधी पडणं समजून घ्या

दुचाकीवरून पडताना दोन गोष्टी एकाच वेळी होतात. अंग वरून खाली येतं आणि पुढे घसरतं. दीड मीटर उंचीवरून डोकं नुसतं खाली आलं, तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी 19-20 किलोमीटर असतो. म्हणजे सिग्नलला उभी गाडी तोल जाऊन कलंडली आणि डोकं दुभाजकाच्या कडेवर आदळलं, तरी मार जबर बसतो. 'गल्लीतच तर जायचंय' या म्हणण्यात अर्थ नाही तो यामुळे.

आता घसरण्याचा हिशोब. राजेंद्रनगरहून भंवरकुव्याला जाताना मोकळा रस्ता मिळाला की काटा सहज 50 वर जातो. हा वेग सेकंदाला सुमारे 14 मीटर झाला. कपडे आणि डांबर यांच्यातलं घर्षण 0.65 च्या आसपास धरलं, तर अंग थांबेपर्यंत साधारण 15 मीटर घासत जातं आणि त्याला दोन सेकंदांहून थोडं जास्त लागतं. बायपासवर ताशी 80 असेल तर हेच अंतर 39 मीटरच्या जवळ पोचतं. वेग दीडपटीच्या थोडा वर गेला, पण घसरण अडीचपट झाली. सुती शर्ट यात क्षणात फाटतो आणि पुढचं सगळं अंतर कातडीवर जातं.

म्हणून अंगावरच्या कपड्याला तीन कामं करावी लागतात: आपटण्याचा मार झेलणं, घासलं तरी न फाटणं, आणि हे दोन्ही होत असताना जागेवरून न हलणं. दुकानदार पहिल्या दोन कामांबद्दल भरपूर बोलतो. तिसरं तुम्हालाच बघावं लागतं.

हेल्मेट

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतल्या 50,029 दुचाकीवरच्या माणसांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं, आणि यांत 14,337 जण मागे बसलेले होते. जगभरच्या 61 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. तेव्हा पैसे थोडे असतील तर ते आधी इथे घाला.

पहिलं काम, शिक्का तपासणं. हेल्मेटच्या मागच्या बाजूला आयएसआयची खूण असते. तिच्या वर 'आयएस 4151' आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर हे सरकारी ॲप मोबाइलवर घ्या, तो क्रमांक त्यात टाका आणि कंपनीचं नाव जुळतं का पाहा. 1 जून 2021 पासून आयएसआय खूण नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. तरी रस्त्याच्या कडेला तीनशे-चारशे रुपयांत ढीग लागलेले असतात आणि त्यांच्यावरही स्टिकर असतोच. परवाना क्रमांक नसलेला स्टिकर नुसती चित्रकला समजा. 'डीओटी' या अमेरिकन खुणेचंही फार कौतुक नको. ती बनवणारा स्वतःच लावतो आणि नक्कल छापायला सोपी असते. ईसीई 22.06 ही युरोपीय चाचणी मात्र कडक आहे. आयएसआयच्या जोडीला ती असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

दुसरं, आकार. तोंड पूर्ण झाकणारं, म्हणजे फुल फेसच घ्या. अपघातग्रस्त हेल्मेटांच्या जर्मनीतल्या एका जुन्या अभ्यासात जवळजवळ 35 टक्के मार हनुवटीच्या भागावर बसलेले आढळले होते. अर्ध्या हेल्मेटमध्ये तिथे काहीच नसतं. उघडणाऱ्या हनुवटीचं मॉड्युलर हेल्मेट चालेल, पण चालवताना ते बंदच ठेवायचं.

तिसरं, माप. शिंप्याचा टेप घेऊन भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटर आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून घेर मोजा. साधारणपणे 57-58 सेंटिमीटर म्हणजे मीडियम आणि 59-60 म्हणजे लार्ज, पण कंपनीगणिक फरक पडतो. टेप फक्त सुरुवात करून देतो.

चौथं, आणि इथे घाई करू नका. हेल्मेट चढवताना कानांपाशी थोडं घट्ट जायला हवं. चढल्यावर गाल इतके दाबले गेले पाहिजेत की बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली येईल. आता दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवा. हेल्मेटबरोबर कपाळाची आणि गालाची कातडी ओढली गेली तर माप बरोबर. कातडी जागेवर राहिली आणि हेल्मेट एकटंच फिरलं तर एक माप खाली या. मग पट्टा लावा. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. दुकानातल्या माणसाला किंवा बरोबरच्याला सांगा, हेल्मेटची मागची खालची कडा धरून वर आणि पुढे ओढ. निघून डोळ्यांवर आलं, तर ते अपघातात आपटण्याआधीच उडून जाईल. किंमत न विचारता परत ठेवा.

पाचवं, पंधरा मिनिटं तसंच बसून राहा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. कपाळावर एकाच ठिकाणी बोट टोचल्यासारखं दुखायला लागलं तर डोक्याचा आणि हेल्मेटचा घाट जुळत नाही. मोठं माप घेऊन हे सुटत नाही, दुसरी कंपनी बघावी लागते. सगळीकडून सारखी घट्ट पकड मात्र चांगली. गालाचं पॅडिंग दोनेक महिन्यांत बसतं, म्हणून आज 'मस्त आरामात' बसणारं हेल्मेट दिवाळीपर्यंत ढिलं होतं.

हेल्मेटचा जीव आतल्या थर्माकोलसारख्या थरात असतो. आपटल्यावर तो चिरडतो, आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबायला एक-दोन इंचांची जागा देतो. ती जागा एकदाच वापरता येते. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतून संपलेलं असतं. तसंच, उभ्या गाडीच्या आरशावर हेल्मेट टांगायची सवय सोडा. आरशाचं टोक त्या थरात खड्डा पाडतं. पेट्रोल किंवा थिनरच्या फडक्याने कवच पुसू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं. पॅडिंग सुटं होत असेल तर महिन्यातून एकदा शांपूच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. तेल आणि घामाने ते लवकर खपतं. आणि अपघात झाला नाही तरी पाच वर्षांनी हेल्मेट बदला.

इंदुरात मुली आणि बायका उन्हासाठी चेहऱ्याला स्टोल गुंडाळून त्यावर हेल्मेट घालतात. गुळगुळीत कापडाचे दोन-तीन वेढे मधे आले की वरची फिरवून पाहण्याची कसोटी नापास होते, आणि स्टोलची डोक्यामागची गाठ हेल्मेट वर उचलून धरते. त्याऐवजी सुती बालाक्लावा, म्हणजे डोक्यात चढवायची पातळ टोपी वापरा. ती शे-दोनशे रुपयांत मिळते आणि धुवायलाही सोपी. उंच अंबाडा किंवा वर बांधलेली पोनीटेल असेल तर केस खाली मानेशी घ्या. रात्री काळ्या काचेचं हेल्मेट नको. काचेवर बारीक ओरखडे पडले की समोरच्या गाडीच्या दिव्याचा नुसता चांदणचुरा दिसतो. तेव्हा हेल्मेट तेच ठेवून काच तेवढी बदला.

हातमोजे

दुसरी खरेदी हातमोज्यांची. जॅकेटआधी हातमोजे का, तर पडताना माणूस आपसूक हात पुढे टेकवतो. ठरवून हे थांबवता येत नाही. तळहाताची साल निघाली की पुढचे पंधरा दिवस जेवण, आंघोळ, कपडे, सगळ्याला दुसऱ्याची मदत लागते.

तळव्याला चामडं हवं. शेळीचं चामडं मऊ असून टिकाऊ असतं. मनगटाजवळ, तळहाताच्या गादीवर एक कडक प्लास्टिकचा तुकडा शिवलेला असतो, त्याला स्लायडर म्हणतात. हात टेकल्यावर चामडं डांबराला चिकटून अडकलं तर सगळा झटका मनगटाच्या छोट्या हाडावर जातो. स्लायडर असला की हात अडकत नाही, घसरून पुढे जातो. बोटांच्या मुळावर कडक कवच असेल तर उत्तम. लेबलवर ईएन 13594 हा युरोपीय मानकाचा आकडा आणि त्यापुढे 1 किंवा 2 ही पातळी लिहिलेली असते. बोटं उघडी ठेवणारे अर्धे मोजे सायकलला ठीक, इथे नकोत.

कसोटी: मनगटाचा पट्टा लावा आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोकं धरून जोरात ओढा. मोजा निघाला तर रस्त्यावरही निघणार. मग क्लचवर हात ठेवून पाहा. बोटांच्या टोकांशी कापड उरलं तर ते लिव्हरमध्ये अडकतं. अंगठ्याच्या बेचक्यात ताण आला तर माप लहान.

जॅकेट

दुकानात जॅकेट म्हणून टांगलेल्या निम्म्या वस्तू नुसत्या फॅशनच्या असतात. आत हात घाला. खांदा आणि कोपर या ठिकाणी खिसे असून त्यांत आर्मर, म्हणजे मार झेलणारी गादी हवी. आर्मरचा तुकडा बाहेर काढून बघा. त्यावर दुचाकीस्वाराचं छोटं चित्र, ईएन 1621-1 हा आकडा आणि 1 किंवा 2 ही पातळी कोरलेली असते. पातळी 1 मध्ये ठरावीक आघात दिल्यावर सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत बळ पलीकडे पोचलेलं चालतं, पातळी 2 मध्ये 20 च. पाठीसाठीचा आकडा ईएन 1621-2. तिथे बहुतेक स्वस्त जॅकेटांत पाठीच्या खिशात फोमची चादर भरलेली असते. ती बोटांनी दाबली तर लगेच चपटी होते आणि तिच्यावर कुठलाही आकडा नसतो. ती काढून त्या मापाचा पातळी 2 चा पाठ-संरक्षक वेगळा घ्या.

कापडासाठी ईएन 17092 चं लेबल बघा: एएए सगळ्यात टिकाऊ, मग एए, मग ए. शहर आणि अधूनमधून हायवे यासाठी ए किंवा एए पुरे. बी वर्गात घासण्यापासून संरक्षण असतं, आर्मरची अट नसते. सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारी जाळी, ती दुसऱ्या मजबूत कपड्याखाली घालायची.

लेबल नसेल तर शिवण वाचा. जॅकेट बहुधा कापडाच्या मधे नाही, शिवणीत उसवतं. खांदा आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला निदान दोन ओळी टाके हवेत, आणि त्यातली एक आत लपलेली हवी. म्हणजे वरची झिजली तरी आतली धरून राहते. ऑस्ट्रेलियात 212 अपघातग्रस्त स्वारांच्या कपड्यांची तपासणी झाली होती. त्यात अपघात सोसलेल्या जॅकेटांपैकी जवळजवळ 30 टक्के आणि हातमोज्यांपैकी चौथा हिस्सा फाटून निकामी झालेला होता. तरीही दुचाकीसाठीचं जॅकेट, पँट किंवा हातमोजे घातलेल्यांना दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. जॅकेट हवंच, पण शिवण बघून.

मापाची कसोटी उभं राहून नाही, गाडीवर बसून करायची. हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. बाह्या मनगटाच्या वर सरकल्या तर आखूड. कोपराचं आर्मर दुसऱ्या हाताने पकडून गोल फिरवायचा प्रयत्न करा. कोपरावरून बाजूला सरकलं, तर पडताना कोपर उघडं पडणार. बाहीवरचे पट्टे ओढून ते घट्ट होतं का पाहा. कमरेची घडी वर सरकू नये म्हणून जॅकेट आणि पँट जोडणारी चेन असते. तसं नसेल तर कमरेचा पट्टा तरी आवळा.

आता मालव्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि 'गरम होतं' हे जॅकेट न घालण्याचं सगळ्यात प्रामाणिक कारण आहे. उपाय जाळीचं, म्हणजे मेश जॅकेट, फिकट रंगाचं. आत सुती गंजी नको, कारण ती घामाने चिकटून बसते. पॉलिस्टरचा पातळ टी-शर्ट घाला. लांब जायचं असेल तर तो टी-शर्ट निघताना ओला करा, वाऱ्याने तासभर गारवा राहतो. हवा अंगापेक्षा गरम असली की नुसता वारा थंड करत नाही, उलट अंग तापवतो आणि पाणी शोषून घेतो. म्हणून दर तासाला थांबून पाणी. पावसाळ्यात जॅकेटच्या आत लावायच्या रेनलायनरपेक्षा वरून घालायचा रेनकोट सोयीचा. लायनरमुळे बाहेरचं जॅकेट भिजून जड होतं, आणि पाऊस आला की रस्त्यात कपडे उतरवायला लागतात.

गुडघे आणि पाय

साध्या जीन्सवर फार भरवसा नको. ती डांबरावर लगेच फाटते. रोजच्या कामाला जीन्सवर बांधायचे गुडघा-नडगी रक्षक पुरतात, पण त्यांना गुडघ्याच्या वर आणि खाली असे दोन पट्टे हवेत. एकच पट्टा असेल तर ते पहिल्याच घासणीत घोट्यापर्यंत खाली येतं. हायवेला जायला लागलात की रायडिंग पँट घ्या.

बूट घोटा झाकणारा, तळ असा की दोन्ही टोकं धरून पिळला तर फडक्यासारखा पिळला जाऊ नये. दीडशे किलोची गाडी पायावर पडली तर घोटा आधी जातो. लेसची टोकं बुटात खोचा, नाहीतर ती गिअरच्या दांड्यात अडकतात आणि सिग्नलला पाय टेकताच येत नाही. चपला आणि फ्लोटर्सबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

पैशांचा क्रम

पंधरा हजारांच्या आसपास बजेट असेल तर ढोबळ वाटणी अशी: हेल्मेट दोन ते तीन हजार, हातमोजे दोन हजार, जॅकेट सहा ते सात हजार, गुडघ्याचे रक्षक हजारभर, उरलेले बुटांना. सगळं एकदम जमत नसेल तर याच क्रमाने महिन्या-दोन महिन्यांनी घ्या. जुनं जॅकेट मित्राकडून घेतलं तरी चालेल, शिवण तपासून. जुनं हेल्मेट मात्र कुणाचंच घेऊ नका. ते कधी आपटलं होतं, हे वरून कळत नाही.

मागे बसणाऱ्यालाही हेच लागतं, कारण डांबर दोघांना सारखंच लागतं. पगडी घालणारे शीख सोडले तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलासाठी सेफ्टी हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी 40 ची मर्यादा हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून आहे. साडीचा पदर आणि ओढणी चाकात जाते, म्हणून ती खोचून, गाठ मारून बसायचं. गाडीचा साडीगार्ड 'स्टाइल' म्हणून काढून टाकू नका.

इकडच्या रस्त्यांची खोड

सोयाबीन निघायच्या दिवसांत गावांजवळ दाणे रस्त्यावर सांडलेले असतात. गोल, कोरडे, अगदी छर्ऱ्यांसारखे. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलंच. पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते आणि तिचा साबण होतो. पहिल्या पावसाची पहिली अर्धी घटका सगळ्यात वाईट, कारण वर्षभराचं तेल तेव्हा वर तरंगतं. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघून गेल्यावर राजवाड्याच्या बाजूचे रस्ते ओल्या गुलालाने तसेच निसरडे होतात. संक्रांतीच्या आठवड्यात जॅकेटची कॉलर गळ्यापर्यंत बंद ठेवा आणि गळ्याला जाड नेकगार्ड लावा, नायलॉनचा मांजा गळ्याच्या उंचीवर येतो आणि दिसत नाही.

जाम गेटकडून महेश्वरच्या बाजूला उतरताना वळणांवर बारीक गिट्टी असते. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक नको. राऊ-खलघाट रस्त्यावरच्या गणेश घाटाच्या उतारावर ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन बरेच अपघात झाले आहेत, अशा उतारावर ट्रकच्या पुढे रेंगाळू नका. संध्याकाळी शेतांतून रोजडे, म्हणजे नीलगायी, एकामागून एक येतात. एक गेला म्हणून गाडी सोडू नका, मागे दुसरा असतो.

पडल्यावर

घसरत असताना उठायचा प्रयत्न करू नका. अंग थांबलं असं वाटतं तेव्हाही ते बऱ्याचदा सरकत असतं, आणि पाय टेकला की माणूस कोलांटी खातो. गाडी सोडून द्या. थांबल्यावर आधी हातापायांची बोटं हलवून पाहा, मग रस्त्याच्या कडेला व्हा.

दुसरं कोणी पडलं असेल तर गर्दीतला पहिला माणूस हेल्मेट खेचून काढतो आणि दुसरा पाणी पाजतो. दोन्ही थांबवा. मान दुखावलेली असू शकते. गाडीची चावी बंद करा, काच वर करा, जखमी बोलतोय का पाहा, 108 किंवा 112 ला फोन लावा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, उचलून उचलून बघू नका. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तरच हेल्मेट काढायचं, आणि तेही दोघांनी: एकाने मान आणि जबडा खालून स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेटच्या बाजू फाकवून हळूहळू वर ओढायचं. मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आहे. मे 2025 पासूनच्या केंद्राच्या योजनेत जखमीला योजनेतल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. दवाखान्यात हे स्वतःहून विचारा.

घरी आल्यावर जॅकेट उजेडात धरून शिवणी बघा, आर्मर काढून वाकवून त्याला चीर गेली आहे का तपासा, हातमोज्याचा तळवा बघा. हेल्मेट आपटलं असेल तर ते बाद. फक्त सकाळच्या कचरागाडीत टाकण्याआधी कात्रीने दोन्ही बाजूंचे पट्टे मुळापासून कापा आणि काचही काढून ठेवा. अख्खं गेलं तर ते कबाड्यातून पुसून, चमकवून, पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर चढतं.